धूर हटवायचा, तर आधी बस-रिक्षांचा

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी अहमदनगर-पुणे मार्गावर धावली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची विजेवरची पहिली 'शिवाई' बसही याच मार्गावर सुरू झाली. विजेची वाहने आपल्याकडे चालतील का, ही शंका तेव्हाच मागे पडली. आता प्रश्न आहे तो, आधी कोणती वाहने विजेवर आणायची हा.

चर्चा होते ती मोटारींची. पण घरची मोटार दिवसातले बहुतेक तास उभीच असते. बस, रिक्षा आणि टेम्पो मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत भरवस्तीतून फिरतात. डिझेलच्या धुरातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. दमा बळावतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच हा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. तो सर्वाधिक घेतात ते फेरीवाले, वाहतूक पोलीस, रिक्षाचालक आणि बसची वाट पाहणारी शाळकरी मुले. यांतल्या अनेकांच्या घरी मोटार नसते.

वीज तरी कोळशाचीच ना, असे विचारले जाते. आक्षेप रास्त आहे. तरीही इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवते, तर विजेची मोटर मिळालेली बहुतेक ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचवते. धूरही भर चौकात नाकासमोर सुटत नाही. मात्र तो औष्णिक केंद्रांच्या शेजाऱ्यांवर ढकलायचा नसेल, तर सौर वीज वाढवावीच लागेल.

शिवाय टायर झिजून उडणारी धूळ आणि वाहतूक कोंडी विजेने संपत नाही. चाळीस जण चाळीस विजेच्या मोटारींतून निघाले, तरी रस्ता तुंबणारच. तेच चाळीस जण एका 'शिवाई'त बसू शकतात.

नवी मोटार घेणाऱ्याने विजेची जरूर घ्यावी. पण सरकारी तिजोरीतला पहिला रुपया एसटी आगारांतील चार्जिंगसाठी, शहर बससाठी आणि रिक्षाचालकाला परवडेल अशा कर्जासाठी खर्च व्हावा. शहराची हवा सुधारली की नाही, हे विकल्या गेलेल्या मोटारींवरून कळणार नाही. ते बसथांब्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या श्वासावरून कळेल.