सुटणाऱ्या लेपाची कैफियत

नागपूरच्या सदर भागात रेसिडेन्सी रोडवरून मंगळवारी बाजाराकडे किंवा छावणीकडे निघालेल्या माणसास काळ्या, राखाडी वा तपकिरी, बिनचकाकीच्या चाकांच्या मोटारी हल्ली जागोजाग दिसतात. आणि त्यांतील काही चाकांवर दिसतो तो रंग नसून नखाने सोलून काढता येईल असा रबराचा लेप आहे, ही गोष्ट पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. ध्यानात आली की मात्र आक्षेपांची फिर्याद सुरू होते. हा लेप टिकत नाही, नागपूरच्या उन्हात तो वितळेल, तो रिमचे दोष झाकतो आणि एकंदरीत हा पोरखेळ आहे, असा तिचा मजकूर असतो. या फिर्यादीत तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या ठिकाणी ते आहे असे फिर्यादी समजतात त्या ठिकाणी ते नाही.

वस्तूची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे. या जातीच्या लेपांत सर्वांत प्रसिद्ध असलेला प्लास्टी डिप हा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातला; 1970 च्या दशकात तो बाजारात आला तो चाकांसाठी नव्हे, तर पकडी, पाने इत्यादी हत्यारांच्या मुठी डब्यात बुडवून त्यांवर न निसटणारे रबरी वेष्टन चढविता यावे म्हणून. पुढे तेच कृत्रिम रबर नॅफ्था, टोल्युइन यांसारख्या उडून जाणाऱ्या द्रावकांत मिसळून फवाऱ्याच्या डब्यात आले, आणि द्रावक उडाल्यावर मागे जो सलग पापुद्रा उरतो तो चाकाला बिलगून राहतो. चिकटतो असे मात्र म्हणता येत नाही. या वस्तूचे सारे गुणदोष या बिलगण्यात आहेत.

पहिला आक्षेप टिकाऊपणाचा. जो लेप पुढेमागे सोलायचाच आहे तो आज लावावा कशाला, असे डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात हयात घालविलेले कारागीर विचारतात आणि पर्याय म्हणून पावडर कोटिंगकडे बोट दाखवितात. पावडर कोटिंग भक्कम असते, हे निर्विवाद आहे. परंतु त्यासाठी टायर उतरवावे लागतात, कंपनीने दिलेला मूळचा थर रसायनाने किंवा वाळूच्या माऱ्याने खरवडून टाकावा लागतो आणि रिम सुमारे 200 अंशांच्या भट्टीत घालावी लागते. तेवढे केल्यावर मूळचे रूप परत मागण्याची सोय कायमची संपते. हौस दोन वर्षांची आणि रिम पंधरा वर्षांची, असा ज्याचा हिशेब आहे, त्याने हौसेपायी रिमचे मूळ कातडे का खरवडावे? सुटणाऱ्या लेपाखाली ते जसेच्या तसे राहते, किंबहुना खडे-धुळीपासून थोडे राखलेही जाते. सुटणे हा या लेपाचा दोष नव्हे, तो त्याचा धर्म आहे. तो वेळेवर सुटला नाही, तरच तक्रारीला जागा.

उन्हाचा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, कारण 23 मे 2013 रोजी 47.9 अंश तापमान सोसलेल्या शहरात तो केला जातो. पण उत्पादक या लेपाची सहनशक्ती सुमारे 93 अंश सांगतात, आणि नागपूरचे रस्ते सपाट असल्यामुळे घाट उतरताना ब्रेक जसे तापतात तसे ते इथे एरवी तापत नाहीत. ऊन लेपाला वितळवीत नाही. ते त्याला हळूहळू म्हातारे करते. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर रबराची लवचीकता जाते आणि जो पापुद्रा एका ओढीत निघाला असता त्याचे तुकडे पडू लागतात. तेव्हा भीती बाळगायची ती मे महिन्याची नव्हे, उलटलेल्या मुदतीची.

दोष झाकण्याच्या आरोपात मात्र वजन आहे. जुनी गाडी विकण्यापूर्वी तडा गेलेल्या रिमवर काळा लेप फवारून गिऱ्हाइकाची दिशाभूल करणारे इसम असू शकतात. तथापि पुट्टी आणि पक्का रंग हेच पाप अधिक कौशल्याने करतात. रबरी लेप हे असे एकच आवरण आहे की जे गिऱ्हाइकाला जागच्या जागी, नखाने, विक्रेत्यादेखत उचलून पाहता येते. तशी तपासणी जो विक्रेता नाकारील त्याच्याकडून गाडी घेऊ नये.

आता समर्थकांकडे वळतो. कारण या लेपाची बदनामी विरोधकांपेक्षा त्यांनीच अधिक केली आहे. डबा हलवावा, फवारावा, झाले, असे सांगत फिरणाऱ्या मंडळींना काम कशाला म्हणतात ते ठाऊक नाही. ब्रेकपॅडची काळी भुकटी चाकाच्या कानाकोपऱ्यांत रुतलेली असते. ती शाम्पूच्या पाण्याने, ब्रशने आणि चिकाटीने काढून चाक पूर्ण कोरडे केल्यावाचून पहिला हात देऊ नये. चाक गाडीवरच ठेवून काम करायचे असेल, तर रिम आणि टायर यांच्या फटीत जुने पत्ते एकावर एक सरकवीत सबंध वर्तुळ झाकून घेतात, व्हॉल्व्हला टेप लावतात आणि आतली ब्रेकची डिस्क कागदाने बंद करतात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नट जिथे बसतात ती शंकूच्या आकाराची खाच आणि हबला टेकणारा मागचा भाग या दोन्ही जागा कोऱ्या राहिल्या पाहिजेत. धातूवर धातू आवळला जातो तेव्हाच चाक पक्के बसते. मध्ये रबराचा मऊ थर राहिला, तर तो दबत जातो आणि नट सैल पडतो. विरोधकांनी धोक्याची ओरड इथे केली असती, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. आतल्या बाजूला बॅलन्सिंगची चिकटपट्टीची शिसे असतात त्या जागेसही हीच गोष्ट लागू आहे. सुटणाऱ्या पापुद्र्यावर चिकटविलेले वजन त्या पापुद्र्यासकट निघून जाते.

आणि मग हातांचा प्रश्न. वीतभर अंतरावरून पहिला हात अगदी विरळ द्यायचा, खालचे चाक निम्मे दिसत राहील इतका. त्यानंतर वीस-तीस मिनिटांच्या अंतराने ओलसर दिसणारे भरीव हात, एकूण पाच ते सहा. शेवटी किमान चार तास पाणी व धूळ यांपासून बंदोबस्त. दुकानात मात्र दोन किंवा तीन हातांत काम उरकले जाते, कारण तिसऱ्या हातानंतर चाक डोळ्यांना पुरते काळे दिसू लागते आणि उरलेले तीन हात गिऱ्हाइकाला दिसतच नाहीत. ते दिसतात काढण्याच्या दिवशी. जाड लेप कडेला नख घालताच पत्रीएवढ्या तुकड्यांत सुटून येतो. पातळ लेप दुधावरच्या विरळ सायीसारखा बोटाला लागतो, हाती येत नाही. असे झाले म्हणजे मालक पॉलिश पेपर किंवा पेट्रोलचा बोळा घेऊन बसतो. पेट्रोलने लेप विरघळतो खरा, पण त्याचा चिखल होऊन तो प्रत्येक खोबणीत शिरतो. खरा उपाय उफराटा आहे: पातळ लेपावर आणखी दोन-तीन भरीव हात द्यावेत, रात्रभर वाळू द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी जुने-नवे एकत्र सोलावे. ज्याने लावताना डबा वाचविला त्याला काढताना तो विकत घ्यावाच लागतो.

ऋतूचीही निवड हवी. पावसाळ्याच्या दमट हवेत लेपावर पांढुरकी छटा येते; मे महिन्यातल्या तापलेल्या रिमवर फवारा पोहोचण्यापूर्वीच वाळतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरबरीत होतो. नागपुरात दिवाळीनंतरचे कोरडे महिने या कामाला उत्तम. द्रावक ज्वालाग्राही असल्यामुळे बंद पोर्चमध्ये किंवा विस्तवाजवळ हा उद्योग करणे सर्वथा वर्ज्य समजावे.

कायद्याची भीती घालणाऱ्यांना थोडक्यात उत्तर पुरे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 ज्याला फेरबदल म्हणते तो वाहनाच्या रचनेत होऊन त्याचे मूळ वैशिष्ट्य पालटविणारा बदल होय. रिमवरचा पापुद्रा त्यात बसत नाही. सबंध गाडीचाच रंग असा पालटणार असाल, तर गोष्ट वेगळी. गाडीचा रंग नोंदणीच्या दाखल्यावर लिहिलेला असतो.

सबब लेप निर्दोष ठरतो, आणि दोष जातो तो न दिसणाऱ्या तीन हातांच्या चोरीकडे. तिला आळा घालण्याची तजवीज सोपी आहे. सदरमधील मोटारसजावटीच्या दुकानदारांना माझी विनंती अशी की, पावती फाडताना रकमेसोबत लेप दिल्याची तारीख आणि दिलेल्या हातांची संख्या तीवर लिहून द्यावी. आणि गिऱ्हाइकांनी ती पावती गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवावी.