फुटकी कळशी मोडीत, मग सेल उकिरड्यावर का?



आमचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. इथे गळकी कळशी किंवा चेपलेलं पातेलं कुणी फेकत नाही. दुकानात मोड म्हणून देतो, वजन होतं आणि वरचे पैसे भरले की नवं भांडं घरी येतं. त्याच घरातला संपलेला पेन्सिल सेल मात्र आपण केरात टाकतो. मीही वर्षानुवर्षं टाकले आहेत, म्हणून हे लिहिताना आधी स्वतःलाच विचारते आहे.

विषय निघाला माझ्या मुलीमुळे. हल्ली पोरांना जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड लागलं आहे. तिनं कपाटातून आमचा जुना कॅमेरा शोधून काढला. मला ते बरंच वाटलं. पर्युषणात मोबाईलचा त्याग केला तरी कॅमेऱ्यानं चार फोटो काढता येतात, त्याच्यावर व्हॉट्सअ‍ॅप येत नाही. तिनं विचारलं, "मम्मी, ह्यात सेल कुठले टाकू?" मी म्हटलं, "चार्ज होणारे. पण नीट बघून घे." हे "नीट बघून" मला एका आखाजीनं शिकवलं.

सासूबाईंच्या वर्षीतपाचं पारणं होतं. आमच्याकडे चार्ज होणारे चार सेल होते, त्यांच्यावर २७०० असा मोठा आकडा. यांनी तो आकडा बघूनच आणले होते. गुढीपाडव्याला मी ते पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवले आणि निर्धास्त झाले. आखाजीच्या दिवशी कॅमेरा सुरूच होईना. वीज गेलेली, त्यामुळे चार्जरचा उपयोग नाही. हे धावत जाऊन साधे सेल घेऊन आले. त्यावर सात फोटो निघाले आणि सासूबाईंनी उसाचा रस ओठाला लावला त्याच क्षणी कॅमेरा बंद पडला. वर्षभराच्या तपाचा तो एक फोटो आमच्याकडे नाही. आता सासूबाईही नाहीत.

चूक कुठे झाली, ते मला पुष्कळ नंतर कळलं. निकेल मेटल हायड्राइड जातीचा जुन्या पद्धतीचा सेल नुसता पडून राहिला तरी आपोआप रिकामा होत जातो, आणि आपल्या खानदेशी उन्हाळ्यात तर फार लवकर. आणि बाजारातला साधा सेल भिंतीच्या घड्याळासाठी ठीक असतो. कॅमेऱ्याला, विशेषतः फ्लॅशला, एका झटक्यात खूप वीज लागते. ती तो देऊ शकत नाही.

२००५ साली जपानच्या सान्यो कंपनीनं एनेलूप नावाचा सेल आणला. आता तो पॅनासॉनिकच्या नावानं मिळतो आणि त्याच पद्धतीचे सेल इतर कंपन्याही करतात. त्याचा आकडा लहान, २००० च्या आसपास. पण चार्ज करून ठेवला तर वर्षानंतरही बहुतेक सगळी वीज त्यात शिल्लक असते. त्याच कंपनीचा २५०० चा मोठा सेलही आहे. कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे साधा सेल २१०० वेळा चार्ज होतो आणि मोठा फक्त ५०० वेळा.

मैत्रिणींनो, मला हे वाचून परिग्रह-परिमाण व्रत आठवलं. जास्त साठवणारा आधी झिजला, मर्यादेत राहणारा टिकला. आपण दुकानात जातो तेव्हा मोठा आकडा मागतो, मग तो साड्यांचा असो की सेलचा. माझं स्पष्ट मत आहे की घराला चार चांगले सेल आणि एक चांगला चार्जर पुरे. दोन कॅमेऱ्यात, दोन पिशवीत.

एक ताई म्हणाल्या, "अगं, चार्जिंग म्हणजे वीज, वीज म्हणजे अग्निकायाची विराधना. मग फरक काय?" प्रश्न खरा आहे. आपले अनेक गुरुमहाराज विजेचा दिवा आणि माईकसुद्धा वापरत नाहीत. (त्यांच्यासमोर फ्लॅश मारू नये, एवढं भान तरी आपण ठेवावं.) पण आपण श्रावक-श्राविका. आपल्याला जयणा सांगितली आहे, अनर्थदंड टाळायला सांगितलं आहे. हिशोब करून बघा. असे चार सेल एका युनिट विजेत निदान चाळीस वेळा चार्ज होतात. उलट वापरून फेकायचा एक सेल बनवताना, तो आपल्याला देतो त्याच्या कितीतरी पट ऊर्जा खर्च होते, खाणीतून धातू काढावे लागतात आणि शेवटी तो मातीत जातो. पृथ्वीकायाच्या जीवांचा विचार आपण नाही करायचा तर कोणी?

आता घेताना काय बघायचं. पाकिटावर "प्री-चार्ज्ड" किंवा "रेडी टू यूज" असं लिहिलेलं असावं. पेन्सिल सेलवर तीन-चार हजारांचा आकडा दिसला तर सरळ परत ठेवा, एवढी वीज त्यात मावतच नाही. निकेल कॅडमियमचे सेल घेऊ नका, कॅडमियम विषारी धातू आहे. चार्जर प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणारा आणि भरल्यावर आपोआप थांबणारा घ्या. सेल चांगले आणि चार्जर भिकार, तर सेल वर्षभरात मरतात. जोडीवर तारीख लिहा, जुना-नवा एकत्र घालू नका, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. तुमच्या कॅमेऱ्यात चपटी लिथियम बॅटरी असेल तर एकच जादा घ्या, ती खात्रीच्या दुकानातून. बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धी चार्ज करून ठेवा. फुगली तर पुन्हा चार्ज करू नका.

आणि हो, वर्षातून दोनदाच कॅमेरा काढणार असाल तर नवीन काहीच घेऊ नका. शेजारणीचे मागून आणा. न घेणं हीच सगळ्यात मोठी बचत.

राहिला शेवटचा प्रश्न, संपलेल्या सेलचा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर टाकली आहे. आपल्यावरही एक काम आहे, ते म्हणजे त्या इतर केरात न मिसळणं. लहान गावात गोळा करायला कोणी येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी प्लॅस्टिकची एक बरणी ठेवली आहे. लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्यात टाकते. आमच्यापैकी कोणी पुण्या-नाशिकला गेलं की ती ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचते.

ह्या पर्युषणात प्रत्येक महिला मंडळानं आपल्या मंदिरात किंवा स्थानकात अशी एक बरणी ठेवावी, एवढीच माझी विनंती. फुटक्या कळशीला आपण जो मान देतो, तो ह्या लहानशा सेलला द्यायला काय हरकत आहे?

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.