‘वेडा होता बिचारा!’

कर्तबगार माणूस वाईट मरणाने गेला, की मागे उरलेल्यांना एक मोठी सवलत मिळते. ‘प्रतिभा आणि वेड यांच्यात केसाएवढेच अंतर असते’ असे म्हणावे, एक उसासा टाकावा आणि चहाचा पेला उचलावा. चित्रकार गेला, नट गेला, कवी गेला; वाक्य तेच. नापास झालेल्या पोराविषयी ‘त्याच्या डोक्यातच नाही’ म्हणणारा मास्तर आणि हे वाक्य म्हणणारा रसिक मला सख्खे भाऊ वाटतात. दोघांनाही कारणे शोधण्याचा कंटाळा असतो आणि दोघेही त्या कंटाळ्याला अनुभव म्हणतात.

या वाक्याशी माझे भांडण आहे. ते भांडण्यासाठी मी उदाहरण घेतो आहे दूरचे, लंडनचे. कारण तिथे या वाक्याने एका माणसाची पुरती दंतकथा करून टाकली आहे. त्याचे नाव जो मीक.

मीक १९२९ साली ग्लॉस्टरशायरमधल्या न्यूएंट या लहानशा गावात जन्मला. विमानदलात सक्तीची नोकरी केली तीही रडारच्या यंत्रांपाशी. पुढे वीजमंडळात काम केले आणि १९५४च्या सुमारास तो लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहात शिरला. त्याला स्वरलिपी वाचता येत नसे, एक वाद्य धड वाजवता येत नसे. मनातली चाल तो गुणगुणून दाखवी आणि वादकांनी ती त्यातून शोधून काढावी! पण यंत्रातून आवाज कसा काढावा, हे त्याच्याइतके त्या शहरात फार थोड्यांना कळत होते.

त्या काळी इंग्लंडात तबकडीचा धंदा मूठभर बड्या कंपन्यांच्या हातात होता. मुद्रणगृह त्यांचे, तंत्रज्ञ त्यांचे, छापखाना आणि दुकानापर्यंतची वाटही त्यांचीच. मीकने १९६० साली ‘ट्रायंफ’ नावाची छोटी कंपनी काढून पाहिली. तिचे एक गाणे पहिल्या दहांत गेले. पण मागणी होती तेवढ्या तबकड्या छापून मिळेनात. यशानेच कोंडी केली. मग त्याने दुसरी वाट धरली. उत्तर लंडनच्या हॉलोवे रोडवर ३०४ क्रमांकाच्या इमारतीत, चामडी सामानाच्या दुकानावरची जागा त्याने भाड्याने घेतली आणि राहत्या घरातच मुद्रणगृह मांडले. गाणे घरी तयार करायचे आणि पूर्ण झालेली फीत बड्या कंपनीला ठरावीक मोबदल्यावर द्यायची. आज ज्याला स्वतंत्र निर्माता म्हणतात, त्या व्यवसायाचा इंग्लंडातला हा एक मूळपुरुष.

त्या घरात गायक न्हाणीघरात उभा राही, कारण तिथे आवाज घुमतो. वादक एका खोलीत, यंत्रे दुसऱ्या खोलीत. १९६४च्या एका गाण्यासाठी त्याने मंडळींना लाकडी जिन्यावर पाय आपटायला लावले आणि जिन्याला ध्वनिग्राहक अडकवले. ते गाणे इंग्लंडच्या यादीत पहिले आले. त्याआधी १९६१ साली ‘जॉनी रिमेम्बर मी’ पहिले आले होते. आणि १९६२ साली तर त्याने कळसच गाठला.

त्या वर्षीच्या १० जुलैला अमेरिकेने ‘टेलस्टार’ हा दळणवळणाचा उपग्रह अवकाशात सोडला. मीकने त्याच नावाची शब्दांवाचूनची एक धून रचली आणि ‘टॉर्नेडोज’ या गटाकडून ती ऑगस्टात बाहेर काढली. तिच्यातला तो किणकिणता, परलोकीचा वाटणारा स्वर क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्याचा. मराठी घरांना हे वाद्य परके नाही. १९५४च्या ‘नागिन’ चित्रपटात कल्याणजींनी ज्याच्यावर पुंगी वाजवून अवघ्या हिंदुस्थानाला डोलवले, तेच हे वाद्य! आपल्याकडे त्यातून नाग निघाला, तिकडे उपग्रह. ‘टेलस्टार’ इंग्लंडात पहिली आली आणि डिसेंबरात अमेरिकेतही. अमेरिकेच्या यादीत शिखरावर पोचलेला हा पहिला ब्रिटिश रॉक गट. बीटल्सना तो मान मिळायला १९६४ उजाडावे लागले.

आणि तरीही चार वर्षांत हा माणूस कर्जात बुडाला. ३ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याने बंदुकीने आपल्या घरमालकिणीचा जीव घेतला आणि लगेच स्वतःचा. तो तेव्हा सदतीस वर्षांचा होता.

‘वेडा होता बिचारा!’ म्हणणारे इथे पुढे सरसावतात. त्यांच्याजवळ सामग्रीही भरपूर आहे. तो प्लँचेट करी, पत्त्यांवरून भविष्य पाही. भिंतीवरच्या कागदामागे कंपन्यांनी आपले आवाज चोरण्यासाठी यंत्रे लपवली आहेत असे त्याला वाटे. शिवाय त्याचा आवडता गायक बडी हॉली १९५९ साली गेला तोही ३ फेब्रुवारीलाच! तारखेचा हा योगायोग सांगताना माणसांचे डोळे चमकतात. पण तारखाच मोजायच्या, तर सगळ्या मोजा की!

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. मानसशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण जमाखर्च मला कळतो. ‘टेलस्टार’ गाजत असतानाच फ्रान्समधल्या ज्याँ लेद्रू या संगीतकाराने दावा लावला, की ही चाल माझ्या १९६०च्या ‘ऑस्टरलिट्झ’ चित्रपटातल्या संगीतावरून उचलली आहे. दावा लागताच रचनाकार म्हणून मीकला मिळायचे मानधन अडकले. धून जगभर लाखोंनी खपत होती आणि तिच्या कर्त्याच्या हाती पैसा येत नव्हता. हे एक-दोन महिने नव्हे, मरेपर्यंत! निकाल अखेर त्याच्याच बाजूने लागला, तो त्याच्या मृत्यूनंतर. भाडे थकलेल्या माणसाला मेल्यावर मिळालेला न्याय कुठल्या भावात विकायचा, ते कायदेपंडितांनी सांगावे.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. दिवाळी अंक घरातले सगळे वाचतात हे ध्यानात ठेवूनच, पण स्पष्ट सांगतो. मीकचे प्रेम पुरुषांवर होते. त्या काळच्या इंग्लंडात तो गुन्हा होता. नोव्हेंबर १९६३मध्ये त्याला पकडून दंड झाला आणि वर्तमानपत्राने ती बातमी छापली. नाव गाजलेले, त्यामुळे धमकी देऊन पैसे उकळणाऱ्यांची सोय झाली. आता तारीख मोजा. प्रौढांच्या खासगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणारा कायदा इंग्लंड आणि वेल्समध्ये संमत झाला २७ जुलै १९६७ रोजी, मीकच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत. हॉलीच्या पुण्यतिथीचा योगायोग सांगणारे ही तारीख का सांगत नाहीत? कारण पहिल्या तारखेने अंगावर काटा येतो, दुसरीने खाली बघावे लागते. आणि आपणही नाके मुरडू नयेत. साहेबाने १८६० साली आपल्या दंडसंहितेत घातलेल्या ३७७व्या कलमातला हाच गुन्हा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

तिसरी बाब गोळ्यांची. रात्रभर काम करण्यासाठी जागवणाऱ्या गोळ्या, मग निजण्यासाठी निजवणाऱ्या. जागवणाऱ्या त्या गोळ्या फार दिवस घेतल्या, तर भिंतींना कान फुटल्याचा भास होतो, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. म्हणजे ज्याला आपण प्रतिभेचा शाप म्हणतो, त्यातला बराचसा भाग औषधाच्या दुकानातून आलेला होता!

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही खुन्याची वकिली करता. मुळीच नाही. उलट ‘वेडा होता’ हे वाक्यच त्याची वकिली करते. दंतकथेत ती घरमालकीण कोण असते? आवाजाला कंटाळून झाडूच्या दांड्याने छत ठोकणारी एक विनोदी बाई. ती खालचे दुकान चालवून पोट भरत होती, डोक्यावर चाललेला अहोरात्रीचा धडधडाट वर्षानुवर्षे सोसत होती. तिने कोणाचे काय वाकडे केले होते? कोर्टाचा विलंब सोसणारे पुष्कळ असतात. त्या अन्यायी कायद्याखाली हजारो माणसे जगली आणि त्यांनी शेजाऱ्यावर बंदूक रोखली नाही. तेव्हा खून मीकच्याच खाती मांडला पाहिजे. वेड म्हणून मोकळे झालो, की कायदा सुटतो, कोर्ट सुटते, वर्तमानपत्र सुटते आणि मारणाराही सुटतो. फक्त मेलेली बाई तेवढी कथेत अडकून पडते.

त्याच्या मागे चहाच्या खोक्यांत भरलेल्या अठराशेंहून अधिक फिती सापडल्या. त्या तीनशे पौंडांना विकल्या गेल्या. त्याच्यावर नाटक आले, २००८ साली चित्रपट आला. मेलेल्या प्रतिभावंतावर जग उदार असते, तो उधारी मागायला येत नाही ना!

हे सारे या फराळाच्या दिवसांत का सांगावे? कारण हॉलोवे रोडवरचे ते घर आता आपल्या घरात आले आहे. न्हाणीघरही लागत नाही. संगणक आणि कानाला लावायचे यंत्र एवढ्यावर आपली पोरे खोलीचे दार लोटून गाणी बनवतात. बापाला वाटते पोरगे वाया गेले, आईला वाटते पोरगे उद्या जगप्रसिद्ध होणार. आणि ते रात्र-रात्र झोपेनासे झाले, की दोघेही कौतुकाने म्हणतात, ‘कलावंत आहे, जरा विक्षिप्तच!’ वाचकहो, हाच तो शब्द. इथूनच दंतकथा सुरू होते.

विक्षिप्तपणाचे कौतुक थांबवा. सही करण्याआधी त्याचा करारनामा एखाद्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. चालीचे मानधन कोणाला, किती आणि वाद झाला तर ते कुठे अडकणार, हे विचारा. पहाटेचे चार वाजले आणि दिवा जळत असला, तर आत जा आणि त्याला निजवा. त्याचे ज्याच्यावर प्रेम आहे त्या माणसाला, मग ते कोणीही असो, घरी फराळाला बोलावा, म्हणजे त्याला भीती दाखवून पैसे उकळण्याचा धंदा कोणाला करता येणार नाही. आणि भिंतीवरून शेजारच्या मावशी ओरडल्या, तर आवाज कमी करायला लावा. त्यांनाही झोप आहे.

एवढे केल्याने प्रतिभा आटेल, असे ज्यांना वाटते, त्यांनी प्रतिभा फार स्वस्त ठरवली आहे. ‘टेलस्टार’ हे पुरेशी झोप आणि वेळेवर पैसे मिळालेल्या माणसाकडूनही झाले असते. कदाचित तशी आणखी दहा झाली असती.