परक्या पाहुण्याचे प्रशस्तिपत्र

मराठी वाङ्मयेतिहासाच्या प्रस्तावनांतून एक चिनी पाहुणा वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून आहे. ‘मराठी माणसाचा स्वभाव’ हा विषय निघाला की ह्युएनत्संगाला साक्षीला बोलावले जाते. इ. स. ६४१च्या सुमारास त्याने पाहिलेली महाराष्ट्रातील माणसे सरळ, मानी, उपकार स्मरणारी आणि अपमानाचा सूड घेणारी होती. वैऱ्यावर चालून जाण्यापूर्वी ती त्याला सूचना देत आणि शरणागताला मारीत नसत. एवढे सांगून झाले की पुढचे सारे वाङ्मय या स्वभावातून उगवल्याचे दाखवणे सोपे जाते. रत्नागिरीत पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना हे विधान मला नेमाने भेटते. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण लिहिलेलेच ते आपल्याला परत करतात.

प्रश्न हे वर्णन खरे की खोटे, हा नाही. ते कोणत्या प्रकारच्या संहितेत आले आहे, हा आहे. ह्युएनत्संग ६४५मध्ये चीनला परतला आणि तांग सम्राट ताईत्सुंगच्या इच्छेवरून ६४६मध्ये त्याचा वृत्तांत सिद्ध झाला. त्यात देशोदेशींच्या नोंदींचा साचा बव्हंशी ठरलेला आहे : देशाचा घेर, राजधानी, जमीन, हवा, लोक, विहार. ‘लोकस्वभाव’ हा त्या साच्यातील एक रकाना. तो भरताना माळव्याचे लोक सुशील व बुद्धिमान ठरतात, भरुकच्छाचे कुटिल व विद्याविन्मुख, तर कोंकणपुराचे उग्र पण विद्याप्रेमी. हे कोंकणपूर नेमके कोठले याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत; त्यामुळे आम्हा रत्नागिरीकरांना त्या स्तुतीवर वा निंदेवर हक्क सांगता येत नाही! आपले प्रशस्तिपत्र ग्राह्य धरायचे, तर भडोचकरांवरील ठपकाही ग्राह्य धरावा लागेल. तो आपण धरत नाही, आणि ते योग्यच आहे. मग एकाच लेखणीने भरलेल्या रकान्यांपैकी आपला तेवढा पुरावा कसा ठरतो?

महाराष्ट्राच्या नोंदीतील जो भाग आपल्या प्रस्तावनांत सहसा येत नाही, तोच खरे तर बोलका आहे. लढाईपूर्वी योद्ध्यांना व हत्तींना मद्य पाजले जाई आणि हरलेल्या सेनापतीला स्त्रीवेष दिला जाई, असे तो नोंदवतो. हर्षाला ज्याला नमवता आले नाही त्या पुलकेशीचे हे बळ आहे. दरबारासाठी सिद्ध झालेल्या वृत्तांतात या बळाला महत्त्व मिळणे स्वाभाविक आहे. त्यावरून एखाद्या भाषिक समाजाचा चिरंतन स्वभाव मात्र सिद्ध होत नाही. पुलकेशीची राजधानी बदामी आज कर्नाटकात आहे. त्याच्या ६३४च्या ऐहोळे शिलालेखात तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतील ९९,००० गावांचा उल्लेख येतो. त्या सैन्यात कोण कोणती भाषा बोलत होता, हे ह्युएनत्संग सांगत नाही. १९६०च्या राज्याची सीमारेषा सातव्या शतकावर ओढण्याचे काम आपण केले.

दुसरा साक्षीदार ‘कुवलयमाला’कार उद्द्योतनसूरी. शके ७००मध्ये जालोर येथे पूर्ण झालेल्या या प्राकृत ग्रंथातील बाजारात प्रांतोप्रांतीचे व्यापारी भेटतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला अंगलट, स्वभाव व एखाददुसरा बोलीशब्द येतो. त्यातला मरहट्टा धट्टाकट्टा, सावळा, सोशीक, अभिमानी, कलहशील आणि ठेंगणा आहे. ह्युएनत्संगाचा महाराष्ट्रीय उंच आहे! दीडशे वर्षांच्या आत मराठी माणूस खुजा झाला, असे कोणी म्हणणार नाही. तरीही दोन्ही साक्षी एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात. कारण साक्षीदारांची उलटतपासणी आपण घेतलेलीच नाही.

याची किंमत समीक्षेला मोजावी लागते. १८६३च्या सुमारास तेनने वंश, परिस्थिती आणि युग यांवरून वाङ्मयाचा उलगडा मांडला. त्यातील ‘वंश’ आपण ‘स्वभाव’ या सौम्य नावाने अजून वापरतो. तुकोबांची वाणी परखड का, तर मराठी स्वभाव रोखठोक म्हणून. आणि मराठी स्वभाव रोखठोक कशावरून, तर तुकोबांच्या वाणीवरून. या वर्तुळात अभंगाची रचना, कीर्तनातील श्रोता, देहूच्या कुणब्याने घेतलेला बोलण्याचा अधिकार यांना जागाच उरत नाही. आणि ज्ञानदेवांचे मार्दव? ते या सिद्धान्ताला अडचणीचे असल्याने ‘अपवाद’ म्हणून बाजूला ठेवले जाते.

इंग्रज अधिकाऱ्यांनी केलेली एतद्देशीयांची वर्णने संशयाने वाचायला आपण गेल्या काही दशकांत शिकलो. आळशी, लबाड, भित्रा या विशेषणांमागील सत्तासंबंध आपल्याला चटकन दिसतात. तीच शंका स्तुती करणाऱ्या परक्याबद्दल मात्र आपल्याला येत नाही. निंदा तेवढी पूर्वग्रहदूषित आणि स्तुती वस्तुनिष्ठ, या भूमिकेला विवेचक दृष्टी म्हणता येत नाही. ती केवळ हळवी अस्मिता आहे.

ह्युएनत्संगाला वाङ्मयेतिहासातून हाकलावे असे माझे म्हणणे नाही. त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरवून लेखक म्हणून वाचावे, शेजारच्या देशांचे रकाने समोर ठेवून वाचावे. आपल्यापुरते पान फाडून घेतले, की हाती प्रवासवर्णन उरत नाही. भिंतीवर लावायची तसबीर तेवढी उरते.