अम्मीचा फोटो आत ठेवा

पत्नीला जाऊन दोन वर्षं होत आली. मागच्या महिन्यात माझ्यासाठी एक स्थळ आलं. पाहुणे सुप्याला घरी येणार म्हणून मोठी बहीण सकाळपासून आवरत होती. बोलता बोलता म्हणाली, "शोकेसमधला तो फोटो तेवढा आत ठेवा. येणारीला बरं वाटणार नाही." मुलीने काही न बोलता फोटो उचलला आणि आपल्या दप्तरात ठेवला. मी वर्गात चाळीस मुलांपुढे बोलणारा माणूस, पण त्या वेळी तोंडातून शब्द फुटला नाही.

बहिणीवर राग नाही. आपल्याकडे असंच चालतं. बाई गेली की चाळिसाव्यापर्यंत घर रडतं, मग दुसऱ्या निकाहची बोलणी सुरू होतात आणि पहिलीचं नाव हळूहळू घरातून नाहीसं होतं. निकाह करावा की करू नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्यासाठी मुलांची आई पुसून टाकायची, हे कुणी शिकवलं?

दीनने तर नाहीच. हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतर कितीतरी वर्षं प्रेषित मुहम्मद (सल्ल.) त्यांची आठवण उघडपणे काढत. बकरी जिबह केली की खदीजांच्या मैत्रिणींकडे वाटे जात. हजरत आयशा (रजि.) यांना याचा हेवा वाटे आणि तो त्यांनी स्वतः सांगितला आहे. तरी आठवण थांबली नाही. एकदा खदीजांची बहीण हाला दाराशी आली. तिची आत येण्याची परवानगी मागण्याची पद्धत ऐकून प्रेषितांना खदीजाच आठवल्या. बद्रच्या लढाईनंतर मुलगी जैनब यांनी कैदेतल्या नवऱ्याच्या सुटकेसाठी एक हार पाठवला. तो खदीजांनी लेकीला लग्नात दिलेला होता. हार पाहून प्रेषितांचं मन भरून आलं. त्यांनी साथीदारांना विचारून कैदीही सोडला आणि हारही परत पाठवला. तेव्हा फोटो नव्हते. आवाज होता, हार होता, मटणाचे वाटे होते.

तस्वीर भिंतीवर लावावी का, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. आमचा फोटो भिंतीवर नव्हताच. शिवाय तिचे फोटो आहेत तरी किती? फोटो नेहमी तीच काढायची, म्हणून ती कशातच नाही. चांदबीबी महालावर आम्ही तिघं आहोत, ती नाही. (तो महाल नव्हे, सलाबतखानाची कबर आहे, हे तिथे मी मुलांना सांगत होतो आणि ती "पहले इधर देखो" म्हणून ओरडत होती.) दप्तरात गेलेला फोटो पवनचक्क्यांजवळचा. वाऱ्याने ओढणी तोंडावर आलेली, अर्धाच चेहरा दिसतो.

पण कालनिर्णय आहे. ती दुधाचा हिशेब उर्दू आकड्यांत लिहायची. दूधवाल्याला तो वाचता येत नसे, म्हणून दर महिन्याला तो बिचारा तिच्या शब्दावर पैसे घ्यायचा. मोबाईलमध्ये तिचा एक निरोप आहे, नऊ सेकंदांचा: येताना कोथिंबीर आणा, आणि कालच्यासारखी पिवळी नको. मुलगा तो ऐकतो, मी झोपलो असं समजून.

आपल्या नगर जिल्ह्याने मराठीला या बाबतीत मोठं पुस्तक दिलंय. रेव्हरंड टिळक 1919 मध्ये गेले. पुढे मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायला बसला, तेव्हा लक्ष्मीबाईंनी त्याच्यासाठी आठवणी लिहायला घेतल्या आणि त्यांतून 'स्मृतिचित्रे' झालं. त्यात टिळक थोर आहेत, विसरभोळे आहेत, रागीटही आहेत. मेहरुन्निसा दलवाईंनी 'मी भरून पावले आहे' लिहून घरातले हमीद दलवाई दाखवले. रमाबाई रानड्यांचं पुस्तक 1910 चं. बायकांनी नवऱ्यांना असं जपून ठेवलं. आम्ही नवऱ्यांनी काय केलं? फोटो आत ठेवला.

पाहुणे येऊन चहा पिऊन गेले. बोलणं पुढे सरकलं नाही, आणि ते फोटोमुळे नाही. पुन्हा कधी कुणी आलं, तर फोटो जागेवर असेल, असं मी बहिणीला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही.

बकरी ईदला मुलीला म्हटलं, अम्मीच्या मैत्रिणींची यादी कर, आधी त्यांचे वाटे. तिने सात नावं लिहिली. त्यातलं एक मी कधी ऐकलंच नव्हतं.

"या कोण?"

"अम्मीच्या बिशीतल्या. अब्बू, तुम्हाला माहीत नाही?"