मंडईतला लंगडा आणि शाळेतले नाटक



या पानावर मी एरवी बेणे, खोडवा आणि खताच्या मात्रा यांवर लिहीत असतो. या खेपेस विषय शाळेचा आणि नाटकाचा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने नाटकात तोंड कशाला घालावे, असे कुणी म्हणेल. पण आपल्या गोंदिया जिल्ह्यात दिवाळी झाली की नाटकावर कोण बोलत नाही? भाऊबीजेपासून मंडया भरतात, दंडार उभी राहते, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागतात. दिवसभर धान कापून दमलेला माणूस रात्रभर मांडी घालून नाटक पाहतो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आपल्या मागच्या पिढ्यांना दारूचे, हुंड्याचे, सावकारीचे जे काही उमगले, ते पुष्कळसे याच मांडवात उमगले.

आणि वाईटही इथेच शिकलो. खरे सांगतो, मी स्वतः शिकवले आहे.

अकरावीत असताना गावच्या मंडईतल्या नाटकात मला लंगड्या नोकराचे काम मिळाले. तेव्हा आपला भाग भंडारा जिल्ह्यातच होता. चाल मी उचलली ती आमच्याच आळीतल्या, पोलिओने पाय गेलेल्या एका काकांची. अगदी हुबेहूब. मांडव हसून लोळला. काका पुढच्याच रांगेत होते, तेही हसले. कुणीतरी पाच रुपयांचे बक्षीस लावले. पुढल्या वर्षी मात्र काका नाटकाला आले नाहीत. मी वडिलांना विचारले. ते म्हणाले, "कसा येईल जी तो? आता गावातले सारे पोट्टे त्याच्या मांगं तुझ्यावानी चालतेत." माझे काम एका रात्रीचे होते, पण गावातल्या पोरांनी ते वर्षभर चालवले. त्या काकांना मी आजवर काही बोललो नाही. आता ते नाहीत.

तोतरा, बहिरा, तिरळा, लंगडा ही पात्रे आली की आपल्याकडे हशा ठरलेला. विनोदाला माझा विरोध नाही; झाडीपट्टीतले नाटक विनोदाशिवाय रात्र काढूच शकत नाही. पण चांगला नट माणसाच्या लबाडीवर हसवतो, त्याच्या पायावर हसवायची त्याला गरज पडत नाही.

सरकारदरबारी शब्द बदलले. अपंगाचा दिव्यांग झाला. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. त्यात आपल्या भागासाठी फार महत्त्वाची एक नोंद आहे, ती म्हणजे सिकलसेल. या आजाराचा त्रास विदर्भातल्या किती घरांत आहे हे मी सांगायला नको. सिकलसेलचे पोर दिसायला धडधाकट असते. थंडी लागली, पाणी कमी पडले, फार धावले की सांधे आणि हाडे असह्य दुखतात. वर्गात त्याला कामचुकार म्हणतात, खेळाच्या तासाला सोंग करतो म्हणतात. ज्याचा पाय वाकडा दिसतो त्याची निदान कीव तरी होते, याच्या वाट्याला नुसता संशय येतो. शाळेतल्या नाटकासाठी यापेक्षा जिवंत विषय मला तरी दुसरा दिसत नाही.

मुलांना दिव्यांगत्वाची जाण द्यावी असे तोच कायदा सांगतो. मग ३ डिसेंबरला जागतिक दिन येतो. भाषण होते, फेरी निघते, आणि हल्ली एक नवा प्रकार निघाला आहे. मुलांच्या डोळ्यांना पट्टी बांधून पाच मिनिटे चालायला लावायचे. मी एके ठिकाणी हे पाहिले. पोरे धडपडली, ओरडली, पट्टी सोडल्यावर "बापरे, सुटलो" म्हणाली. यातून ती काय शिकली? आंधळा म्हणजे धडपडणारा माणूस, एवढेच. जन्मापासून न दिसणारा माणूस वाट कशी ओळखतो, नोट कशी ओळखतो, हे त्या पाच मिनिटांत कळत नाही. ते त्याच्याबरोबर काम करूनच कळते.

म्हणून माझे मत असे, की शाळांनी दिव्यांगांविषयीची नाटके जरूर करावीत, पण दिव्यांग मुलांना बरोबर घेऊन करावीत. पुण्यात स्वागत थोरात यांनी स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास 'स्वातंत्र्याची यशोगाथा' हे नाटक ८८ अंध कलावंतांना घेऊन बसवले. पुढे २००८ साली त्यांनीच 'स्पर्शज्ञान' हे मराठीतले ब्रेल पाक्षिक सुरू केले. पुणे दूर वाटत असेल तर आपल्या वरोऱ्याला आनंदवनाचा 'स्वरानंदवन' वाद्यवृंद पाहा. तिकडे माणसे तिकीट काढून गाणी ऐकायला बसतात, दया दाखवायला नव्हे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या एका गावच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमीला मी जात असे. संध्याकाळी ऊसनोंदीचे काम आटोपले की मोटारसायकल तिकडे वळायची. आपल्या एका सभासदाचा मुलगा आहे, सातवीत, जन्मापासून बहिरा. गुरुजींनी त्याला पडदा ओढायचे काम दिले होते. हेतू चांगला होता, पोरगा वगळला जाऊ नये एवढाच. पण झाले असे की बोलणाऱ्या पोरांपेक्षा त्याचेच पडद्याचे टायमिंग चोख. तो सगळ्यांचे पाय आणि चेहरे पाहत असे. कोण कुठून येणार, कोण वाक्य विसरणार, हे त्याला आधी कळायचे. मग दंडारीत नाचायला घेतले. ढोलकीचा ठोका लाकडी फळ्यांतून त्याच्या तळपायाला लागायचा. चुकला तो दोनदाच, आणि तेव्हा पुढचा पोरगाच चुकला होता.

मला खरा धडा मिळाला तो बाकीच्या मुलांकडे पाहून. पहिल्या आठवड्यात ती त्याला मागून ढकलून बोलवायची. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक जण त्याच्या समोर येऊन, तोंड दिसेल असे उभे राहून बोलू लागला. कुणी शिकवले नव्हते, कामच अडत होते. पोरांनी आपल्या खुणा ठरवल्या. दातांनी सोलल्यासारखे केले की ऊस, मिशीला पीळ दिला की गुरुजी. (गुरुजींना मिशी नाही. ही खूण का पडली ते पोरे सांगत नाहीत.) त्याची आई मला म्हणाली, "साहेब, आता घरी पोट्टे येतेत त्याले बोलवाले." सात वर्षे ती पोरे एकाच वर्गात बसत होती.

हे करायला पैसा लागत नाही. उंच स्टेजला एक उतार आणि चार दिवस जास्तीची तालीम एवढे पुरते. 'दिव्यांग पोराने पाठांतर विसरले तर पाहुण्यांपुढे फजिती' अशी धास्ती असते, पण धडधाकट पोरेही विसरतातच की. जिथे मुलगा थकतो तिथे काम छोटे द्यावे. त्याच्यावर केविलवाणे गाणे मात्र ठेवू नये. पालकांनीही पोराला घरी झाकून ठेवू नये. ही झाकण्याची सवय आपल्यातही आहे. मळणी यंत्रात बोटे गेलेले आपले एक सभासद गट ऑफिसात सही करताना तो हात अजून दुपट्ट्याखाली धरतात.

गावोगावच्या मंडईची नाटक मंडळे आपल्याच सभासदांची आहेत. यंदा पुस्तक निवडताना लंगडी चाल, तोतरे बोल यांवरचा हशा तेवढा काढून टाकावा, ही माझी त्यांना विनंती. ज्या शाळांना तालमीसाठी माणसे हवी असतील त्यांनी गट ऑफिसात निरोप ठेवावा. आमच्यातले दोघे-तिघे संध्याकाळी येऊ शकतात.

त्या मुलाने यंदा पडदा ओढायला साफ नकार दिला आहे. त्याला खलनायकाचे काम हवे आहे. गुरुजी विचार करतो म्हणाले.