एकास एक

आधी कबुली देतो. फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या जवळजवळ सगळ्या शीट्स मी जीटी मारल्या. होस्टेलवाल्यांना जीटी म्हणजे काय हे सांगायला नको. स्टाफपैकी कोणी वाचत असेल तर (त्यांनाही ठाऊक असतंच म्हणा!) ग्लास ट्रेसिंग! दोन खुर्च्यांवर काच, खाली ट्यूबलाइट, काचेवर मित्राची शीट आणि त्यावर आपली कोरी. रात्री दोनला बसायचं, पहाटे पाचला शीट तयार. मार्कही चांगले पडले. पण ती रेघ तिथेच का, असं कोणी विचारलं असतं, तर माझी दांडी गुल झाली असती.

या पापाचं फळ मला तीन वर्षांनी मिळालं, तेही आमच्या वेंगुर्ल्याच्या घराच्या पडवीत, एका सर्फबोर्डच्या रूपात.

झालं असं, की मी आणि माझा रूममेट कर्नाटकात मुल्कीला गेलो होतो. तिथे सर्फिंग शिकवतात. चार दिवस लाटांनी यथेच्छ आपटलं आणि पाचव्या दिवशी मी तीन सेकंद बोर्डवर उभा राहिलो. त्या तीन सेकंदांनी डोकं फिरलं. स्वतःचा बोर्ड हवाच! किमती ऐकल्यावर रूममेट म्हणाला, "अरे, आपण मेकॅनिकलचे ना? मग करू की घरी." ज्या बोर्डवर शिकलो, त्याच्या मालकाला विचारून दर सहा इंचांवर त्याची रुंदी मोजली. लांबी ७ फूट, म्हणजे ८४ इंच. जास्तीत जास्त रुंदी २१ इंच. आकडे वहीत लिहिले आणि परत आलो.

बोर्ड घडवायचा म्हणजे आधी त्याचा टेम्प्लेट लागतो, आणि तोही खऱ्या मापाचा, एकास एक. गंमत म्हणजे टेम्प्लेट पूर्ण बोर्डचा करत नाहीत, अर्ध्याचाच करतात. मध्यरेषेवर ठेवून एक बाजू आखायची, मग तोच पालथा करून दुसरी बाजू आखायची. त्यामुळे टेम्प्लेटमध्ये चूक असली तरी ती दोन्ही बाजूंना सारखीच उतरते. दोन बाजू वेगवेगळ्या काढल्या आणि थोड्या जरी उन्नीस-बीस झाल्या, तर बोर्ड पाण्यात एका अंगाला ओढू लागतो. जुने कारागीर असे प्लायचे किंवा हार्डबोर्डचे टेम्प्लेट भिंतीवर टांगून ठेवतात आणि एकाचं नाक, दुसऱ्याची शेपटी जोडून नवा आकार काढतात. नक्कलच ती, पण आपल्या जीटीसारखी नाही. जोडलेली वक्ररेषा सलग वाहते का, हे डोळ्याने आणि हाताने पाहावंच लागतं.

आणि हा काही रिकामटेकड्यांचा उद्योग नाही बरं का! १९१४ च्या अखेरीस हवाईचा पोहणारा ड्यूक कहानामोकु ऑस्ट्रेलियात गेला, तेव्हा त्याच्याजवळ बोर्ड नव्हता. सिडनीतल्याच लाकूड व्यापाऱ्याकडून शुगर पाइनचं लाकूड मिळवून तिथल्या तिथे बोर्ड घडवला गेला. तो आजही फ्रेशवॉटरच्या क्लबने जपून ठेवला आहे. पुढे कॅलिफोर्नियात बॉब सिमन्स नावाचा कॅल्टेकमध्ये शिकलेला माणूस आला. वेगवान बोटींच्या तळांवर लिंडसे लॉर्ड यांनी लिहिलेलं १९४६ चं पुस्तक त्याने अभ्यासलं आणि ते गणित सर्फबोर्डला लावलं. पण नुसतं गणित करून थांबला नाही. फोम आणि फायबरग्लास घेऊन स्वतः बोर्ड घडवले, त्यावर उभाही राहिला. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा खेळलं गेलं, त्यामागे अशा किती शेडमधला भुसा आहे!

आता आमचा पराक्रम ऐका. मी ऑटोकॅडमध्ये झकास स्प्लाइन काढली. अर्ध्या बोर्डची रुंदी साडेदहा इंच, म्हणून ए-फोर कागद आडवे लावले की रुंदी एका कागदात बसते आणि लांबीला अकरा कागद लागतात. पेनड्राइव्ह घेऊन गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे गेलो. काका म्हणाले, "कडा कापल्या जातायत, फिट टू पेज करू का?" मी म्हटलं, "करा की काका." संपलं! त्या तीन शब्दांत बोर्ड बुडाला.

मेच्या सुट्टीत पडवीत अकरा कागद चिकटवले, हार्डबोर्डवर डकवले, कापले. तीन इंच जाडीच्या थर्माकोलचे दोन अर्धे भाग त्या टेम्प्लेटवरून करवतीने काढले. मध्ये घालायची लाकडी पट्टी मात्र टेपने मोजून सात फुटांची कापली होती. दोन भागांमध्ये पट्टी ठेवली, तर ती बाहेर आली! आधी वाटलं पट्टी चुकली. मग टेप लावला. थर्माकोल तीन इंच तीन सूत आखूड. प्रिंटरने प्रत्येक कागद ९६ टक्के केला होता. ऐकायला चारच टक्के, पण लांबी आणि रुंदी दोन्ही कमी म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ ८ टक्के कमी. शिवाय कापलेला थर्माकोल वाढवता येत नाही. दोघांचे मिळून चार हजार रुपये गेले. त्यातले माझे दोन आईकडून उसने घेतलेले. ते सगळे पैसे आईने अजून मागितले नाहीत, हेच जास्त लागतं.

होस्टेलवर आल्यावर मी सगळ्यांना काय सांगितलं? "झेरॉक्सवाल्याने चुकीचं प्रिंट दिलं." काकांनी विचारलं होतं, हे सोयीस्करपणे गाळलं.

वर्कशॉपमध्ये सुतारकामाच्या सेक्शनला जे मामा आहेत, त्यांना कागद दाखवले. त्यांनी ड्रॉइंगकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "यावर मोजायची रेघ कुठाय?" मी गप्प. "फर्मा काढायचा तर आधी एक चौकोन काढ, शंभर मिलिमीटरचा. छापून आला की उभा-आडवा दोन्ही मोज. शंभर भरला तर पुढे जा, नाहीतर कागद फाड." दोन्ही बाजू का? तर कागद पुढे सरकतो त्या दिशेची चूक आणि आडवी चूक प्रिंटरमध्ये वेगवेगळी असू शकते. दुसरी गोष्ट जोडांची. अकरा कागदांना दहा जोड. प्रत्येक जोडात एकाच बाजूला अर्धा मिलिमीटर गेला तरी शेवटी पाच मिलिमीटर! आणि प्रत्येक जोड जरासा वळला तर टेम्प्लेटचं केळं होतं. उपाय काय? जमिनीवर दोरा ताणायचा, प्रत्येक कागदाची मध्यरेषा त्या दोऱ्यावर बसवायची आणि सगळी मापं एकाच टोकापासून घ्यायची, कागदाला कागद जोडत नाही. सर्व्हेइंगच्या तासाला चुका साठत जातात हे आपण लिहून घेतो. मला ते समजलं मामांच्या टेबलावर.

दिवाळीत दुसरा बोर्ड केला. चौकोन छापला, मोजला, शंभर भरला. हार्डबोर्ड रेघेच्या थोडा बाहेरून कापला आणि पॉलिश पेपरने रेघेपर्यंत आणला. डोळे मिटून कडेवरून बोट फिरवलं, तर एका ठिकाणी बोट अडलं. स्क्रीनवर हजारदा झूम करून जो उंचवटा दिसला नव्हता, तो बोटाला लागला. मुल्कीला मी एक आकडा चुकीचा मोजला होता! बोर्ड झाला. वर लावायला इपॉक्सीच घेतलं, कारण पॉलिएस्टर रेझिनने थर्माकोल विरघळतो. (ही एक चूक तरी आधी वाचून टळली.) बोर्ड जड आहे, देखणा नाही, पण दोन्ही बाजू सारख्या आहेत आणि सरळ जातो.

तर मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच. आपण चार वर्षांत शेकडो ड्रॉइंग्ज काढतो आणि कोपऱ्यात ऐटीत लिहितो, "नॉट टू स्केल". म्हणजे मापाची जबाबदारी आपली नाही! जीटी मारायला आपण धजावतो ते यामुळेच. त्या रेघेवरून कोणी काही कापणारच नाही, हे आपल्याला पक्कं माहीत असतं.

कोणी म्हणेल, आता सीएनसीच्या जमान्यात कागदी टेम्प्लेट कोण वापरतो? बरोबर आहे, मोठ्या कारखान्यांत फोमही आता मशीन कापतं. पण मशीनला इंच आणि मिलिमीटरमधला फरक आपणच सांगायचा असतो. "फिट टू पेज"ला हो म्हणणारा माणूस तिथेही हो म्हणेल, आणि तिथे थर्माकोल नसेल, महागडी धातूची प्लेट असेल.

म्हणून ड्रॉइंगच्या सरांना नम्र विनंती, की फर्स्ट इयरला एक तरी शीट एकास एक द्या. साधा शर्ट टांगायचा हँगर चालेल. आणि त्याच शीटवरून वर्कशॉपमध्ये तो प्लायमधून कापायला लावा. ज्याचा हँगर खांद्याला बसला नाही त्याला ओरडू नका, पुन्हा मोजायला सांगा. ही शीट जीटी मारली तरी हरकत नाही. मित्राची चूक आपल्या प्लायमध्ये उतरली, की पोरगा पुढच्या वेळी स्वतः मोजेल.

आणि गेटबाहेरचे काका, तुम्ही विचारलं होतंत. चूक माझी होती. होस्टेलवर जे सांगितलं ते मी इथे, छापील, परत घेतो.

बघा, पटतंय का!